दोन बाजारपेठांचा चित्रकार : राल्फ बक्षी

कार्टून म्हणजे लहान मुलांची करमणूक, हे समीकरण आपल्या घरांत इतके रुळले आहे की पडद्यावर रेखाटलेले मांजर किंवा उंदीर दिसताच मोठी माणसे निर्धास्तपणे आपापल्या कामाला लागतात. वस्तुतः ह्या समीकरणाला फार जुना इतिहास नाही. अमेरिकेत १९३० व १९४० च्या दशकांत ही छोटी चित्रे चित्रपटगृहात मुख्य चित्रपटापूर्वी दाखविली जात आणि समोर आबालवृद्ध असा सारा प्रेक्षक बसलेला असे. पुढे घरोघरी दूरचित्रवाणी आली, शनिवारची सकाळ मुलांसाठी राखून ठेवण्यात आली, खेळणी आणि खाऊ विकणारे जाहिरातदार त्या वेळेकडे वळले आणि कार्टून हा माल एकाच गिऱ्हाइकासाठी आहे, असे जणू ठरून गेले.

हे ठरलेले गणित ज्या एका माणसाने मोडले, त्याचे नाव राल्फ बक्षी. त्यांनी उमेदवारी केली ती मुलांच्या कार्टूनमध्ये, नाव आणि बदनामी मिळविली ती प्रौढांच्या ॲनिमेशनपटांत, आणि त्यानंतर आयुष्यभर ते ह्या दोन बाजारपेठांमध्ये ये-जा करीत राहिले. त्यांच्या सर्वच कलाकृती सहकुटुंब पाहण्याजोग्या नाहीत. काही तर मुळीच नाहीत. तरीही त्यांची कारकीर्द समजून घेण्यासारखी आहे. धंद्यातील जोखीम, अपुरे भांडवल, मालकी हक्क आणि गिऱ्हाइकाची समजूत ह्या गोष्टी एका कलावंताच्या आयुष्याला कसे वळण देतात, हे तीत स्पष्ट दिसते.

ब्रुकलिनमधील बालपण

बक्षी हे आडनाव मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल. आपल्याकडे मोगल अमदानीत सैन्याच्या पगाराचा हिशेब पाहणाऱ्या अधिकाऱ्यास बक्षी म्हणत. राल्फ बक्षींचा मात्र भारताशी संबंध नाही. त्यांचा जन्म २९ ऑक्टोबर १९३८ रोजी हैफा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्या वेळी तो प्रदेश ब्रिटिशांच्या अमलाखालील पॅलेस्टाइनमध्ये मोडत असे. महायुद्धाचे ढग जमू लागताच १९३९ मध्ये हे कुटुंब अमेरिकेस निघून गेले आणि न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिनच्या ब्राऊन्सव्हिल ह्या गरीब वस्तीत स्थिरावले.

ब्राऊन्सव्हिल ही स्थलांतरितांची आणि कष्टकऱ्यांची वस्ती होती. दाटीवाटीची घरे, जिन्यांवरील गप्पा, फेरीवाल्यांची हाकाटी, भांडणे आणि विनोद असे सारे रस्त्यावरच चालत असे. हे दृश्य त्या मुलाच्या मनात कायमचे ठसले. पंधराव्या वर्षी सार्वजनिक ग्रंथालयात व्यंगचित्रकलेचे एक मार्गदर्शक पुस्तक त्याच्या हाती लागले. ते पुस्तक त्याने ग्रंथालयास परत केले नाही, परंतु त्यातील प्रत्येक धडा मात्र गिरविला. पुढे मॅनहॅटनमधील औद्योगिक कलाशाळेत त्यास प्रवेश मिळाला आणि १९५६ मध्ये व्यंगचित्रकलेतील पारितोषिकासह तो उत्तीर्ण झाला.

फडके ते दिग्दर्शकाची खुर्ची

शिक्षण संपताच बक्षींना न्यू रोशेल येथील टेरीटून्स ह्या कंपनीत नोकरी लागली. पॉल टेरी यांनी स्थापन केलेली ही कंपनी ‘मायटी माऊस’ ह्या उडणाऱ्या, बलवान उंदरासाठी प्रसिद्ध होती. १९५५ मध्ये टेरी यांनी ती सीबीएस ह्या प्रसारण कंपनीस विकली होती. ही विक्री वाचकांनी लक्षात ठेवावी. तीस वर्षांनंतर तिचा पुन्हा संबंध येणार आहे.

त्या काळच्या ॲनिमेशनची रीत समजून घेतली म्हणजे बक्षींच्या पहिल्या कामाचे स्वरूप ध्यानात येईल. पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रचौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींसाठी वापरले, तरी सेकंदाला १२ चित्रे लागतात. म्हणजे दहा मिनिटांच्या कार्टूनसाठी ७,२०० आणि ८० मिनिटांच्या चित्रपटासाठी सुमारे ५७,६०० चित्रे. प्रत्येक चित्र पारदर्शक पत्र्यावर शाईने उतरवायचे, मागील बाजूने रंगवायचे, रंगीत पार्श्वभूमीवर ठेवायचे आणि कॅमेऱ्याने टिपायचे. पत्र्यावर धुळीचा कण किंवा बोटाचा ठसा राहिला, तर तो पडद्यावर मोठा होऊन दिसे. म्हणून छायाचित्रणापूर्वी प्रत्येक पत्रा पुसून स्वच्छ करण्यासाठी एक माणूस नेमलेला असे. बक्षींची नेमणूक त्याच कामावर झाली.

ह्या सर्वांत खालच्या पायरीवरून ते रंगकाम, ॲनिमेशन आणि दिग्दर्शन असे वर चढत गेले. पंचविशीत ते दिग्दर्शक झाले. १९६६ मध्ये संपूर्ण स्टुडिओची कलात्मक जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी त्यांनी ‘द मायटी हीरोज’ ही मालिका निर्माण केली. सीबीएसच्या अधिकाऱ्यांना कंपनीने तयार करून नेलेले प्रस्ताव पसंत पडले नाहीत, तेव्हा बक्षींनी बैठकीतच ही कल्पना मांडली. तिच्यातील पाच महावीरांपैकी एक वीर म्हणजे दुपट्यातील तान्हे बाळ! महावीरांच्या कथांची ही थट्टा मुलांना आवडली आणि मोठ्यांनाही हसू आवरेना.

१९६७ मध्ये त्यांनी टेरीटून्स सोडली आणि पॅरामाउंटच्या कार्टून विभागाचे प्रमुखपद स्वीकारले. पॅरामाउंट नुकतीच गल्फ अँड वेस्टर्न ह्या उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली होती आणि नव्या मालकांनी त्याच वर्षाच्या अखेरीस तो विभागच बंद केला. त्यानंतर निर्माते स्टीव्ह क्रान्त्झ यांच्यासाठी ‘स्पायडर-मॅन’ मालिकेच्या दुसऱ्या व तिसऱ्या पर्वाचे काम त्यांच्याकडे आले. पैसा अगदी तुटपुंजा होता. इतका, की त्याच निर्मात्याच्या ‘रॉकेट रॉबिन हूड’ मालिकेतील जुनी दृश्ये काही भागांत पुन्हा वापरून वेळ मारून न्यावी लागली. काटकसरीच्या ह्या सवयी पुढे त्यांना उपयोगी पडल्या.

मांजराचे रूप, मोठ्यांची गोष्ट

तिशी गाठेपर्यंत बक्षींनी केलेले जवळजवळ सारे काम मुलांसाठी होते. त्या कामाचा त्यांना कंटाळा आला होता. भोवतालचे शहर वंशभेद, व्हिएतनाम युद्ध आणि विद्यार्थ्यांच्या चळवळींनी पेटलेले असताना आपण उंदीर उडवीत बसलो आहोत, ही खंत त्यांना होती. ज्या माध्यमात ते निपुण होते, त्याच माध्यमात ब्राऊन्सव्हिलचे रस्ते का उतरू नयेत, हा त्यांचा प्रश्न होता.

न्यूयॉर्कमधील एका पुस्तकाच्या दुकानात त्यांना रॉबर्ट क्रम्ब ह्या चित्रकाराच्या ‘फ्रिट्झ द कॅट’ ह्या चित्रकथा सापडल्या. त्यांचा नायक मांजर असला, तरी कथा महाविद्यालयीन तरुणांच्या स्वैर वागण्याची, त्यांच्या दांभिक क्रांतीची आणि भरकटण्याची होती. क्रान्त्झ यांच्या साहाय्याने बक्षींनी तीवर चित्रपट काढण्याचे ठरविले. क्रम्ब स्वतः मात्र राजी नव्हते. शेवटी त्यांच्या वतीने मुखत्यारपत्र धारण करणाऱ्या त्यांच्या पत्नीने करारावर सही केली. व्यवहार कायदेशीर ठरला, तथापि मूळ निर्मात्याचे मन त्यात कधीच नव्हते. चित्रपट पाहिल्यावर क्रम्ब इतके संतापले की पुढील चित्रकथेत त्यांनी आपल्या मांजराचा अंतच करून टाकला. मुखत्यारपत्राने सही मिळते, संमती मिळतेच असे नाही. व्यापारी घरांना हा फरक वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

भांडवलाची कथाही नाट्यमय आहे. प्रथम वॉर्नर ब्रदर्सने पैसा देऊ केला. काही भाग पाहिल्यानंतर त्यांनी सौम्यतेचा आग्रह धरला. बक्षींनी तो मानला नाही, तेव्हा कंपनी बाजूला झाली. त्यानंतर सिनेमेशन ही लहानशी वितरण कंपनी पुढे आली. एकूण खर्च दहा लाख डॉलरपेक्षाही कमी होता. एरवी ॲनिमेटर आपले काम प्रथम पेन्सिलीच्या रेखाटनांवर चित्रित करून पाहतात आणि मग दुरुस्त करतात. त्यासाठी पैसा नव्हता. बक्षी कागदांची चळत हातात धरून भराभर उलटून पाहत आणि तेवढ्यावर मंजुरी देत. पार्श्वभूमीसाठी न्यूयॉर्कच्या रस्त्यांची छायाचित्रे काढून त्यांवरून रेखाटने करण्यात आली. काही प्रसंगांतील संवाद तर नटांचे नव्हतेच; रस्त्यावरील व उपाहारगृहांतील खऱ्या माणसांची बोलणी ध्वनिमुद्रित करून ती पात्रांच्या तोंडी घालण्यात आली.

एप्रिल १९७२ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. अमेरिकेत १९६८ पासून चित्रपटांना वयोगटानुसार श्रेणी देण्याची पद्धत सुरू झाली होती. त्यांपैकी केवळ प्रौढांसाठी असलेली ‘एक्स’ ही श्रेणी मिळविणारा ‘फ्रिट्झ’ हा पहिला ॲनिमेशनपट ठरला. अनेक वृत्तपत्रांनी त्याच्या जाहिराती घेण्यास नकार दिला. वितरकाने मात्र ह्या बंदीचीच जाहिरात केली आणि तिकीट खिडकीवर रांगा लागल्या. जगभरातील उत्पन्न नऊ कोटी डॉलरच्या घरात गेल्याचे सांगितले जाते. हा आकडा थोडाफार इकडेतिकडे धरला, तरी गुंतवणुकीच्या मानाने परतावा विलक्षण होता, ह्यात शंका नाही.

चित्रपटातील अश्लीलतेवर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. त्याच वेळी अनेक जाणत्या समीक्षकांनी त्यातील शहराच्या जिवंत चित्रणाचे कौतुक केले. एक गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य करावी लागली : रेखाटलेली पात्रेही मोठ्या माणसांच्या जगाविषयी गंभीरपणे बोलू शकतात.

यशानंतरचे वाद

यश मिळाले म्हणजे पैसा मिळतोच, असे नाही. उत्पन्नातील वाट्यावरून बक्षी आणि क्रान्त्झ यांच्यात मतभेद झाले. १९७३ मध्ये आलेला ‘हेवी ट्रॅफिक’ हा दुसरा चित्रपट दोघांनी पूर्ण केला खरा. त्याचा नायक ब्रुकलिनसारख्या वस्तीत वाढणारा तरुण व्यंगचित्रकार आहे, आणि बक्षींच्या स्वतःच्या आयुष्याच्या तो सर्वांत जवळचा मानला जातो. त्यानंतर मात्र मार्ग वेगळे झाले. १९७४ मध्ये ‘फ्रिट्झ’चा दुसरा भाग निघाला, तेव्हा त्यात बक्षींचा काहीही सहभाग नव्हता.

१९७५ चा ‘कूनस्किन’ हा त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत वादग्रस्त चित्रपट. कृष्णवर्णीयांविषयीच्या अमेरिकन समाजातील हीन प्रतिमांचा उपहास करण्यासाठी त्यांनी त्याच प्रतिमा अतिशयोक्त करून पडद्यावर आणल्या. उपहासाचा हा प्रकार जोखमीचा असतो, कारण ज्याची टर उडवायची तेच प्रेक्षकाला प्रत्यक्ष दिसते आणि हेतू मात्र समजून घ्यावा लागतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात चित्रपट दाखविला गेला, तेव्हा ‘काँग्रेस ऑफ रेशियल इक्वॅलिटी’ ह्या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी निदर्शने केली. पॅरामाउंटने चित्रपट आपल्या हातून सोडला, एका लहान वितरकाने तो मोजक्याच ठिकाणी लावला आणि थोड्याच काळात तो पडद्यावरून नाहीसा झाला. पुढील पिढ्यांनी त्याचा पुन्हा अभ्यास केला आणि काहींनी त्यास बक्षींची सर्वोत्तम कृती म्हटले, परंतु त्या क्षणी तो निव्वळ तोटाच होता.

पुन्हा कुटुंबाकडे

ह्या आघातानंतर बक्षींनी दिशा बदलली. ज्यास मुलेही बसू शकतील असा चित्रपट आपण काढू शकतो, हे त्यांना सिद्ध करावयाचे होते. १९७७ मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्ससाठी त्यांनी ‘विझर्ड्स’ केला. दोन जादूगार भावांच्या संघर्षाची ही कथा; एकाकडे जादू आणि निसर्ग, तर दुसऱ्याकडे यंत्रे आणि जुन्या युद्धांतील प्रचारपट. चित्रपटाचे मूळ नाव ‘वॉर विझर्ड्स’ होते. त्याच कंपनीत त्याच वेळी जॉर्ज ल्यूकस यांचा ‘स्टार वॉर्स’ तयार होत होता. नावांचा घोटाळा नको म्हणून ल्यूकस यांनी विनंती केली आणि बक्षींनी ‘वॉर’ हा शब्द काढून टाकला. ‘स्टार वॉर्स’चे नायक मार्क हॅमिल यांनी ‘विझर्ड्स’मधील एका पात्रास आवाज दिला आहे.

अखेरच्या युद्धदृश्यांपर्यंत पैसा संपला. कंपनीने वाढीव रक्कम नाकारली. तेव्हा बक्षींनी जुन्या युद्धपटांतील दृश्यांवरून रेखाटने काढून घेण्याचा मार्ग पत्करला. ह्या तंत्रास रोटोस्कोपिंग म्हणतात. मॅक्स फ्लायशर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याचे पेटंट मिळविले होते. चित्रित झालेल्या खऱ्या माणसांची एकेक चौकट काचेवर पाडायची आणि तिच्यावरून रेषा ओढायच्या, असे हे तंत्र. टंचाईतून निघालेली ही वाट बक्षींच्या पुढील दशकाची ओळख बनली.

१९७८ चा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हा तिचा सर्वांत मोठा प्रयोग. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या प्रचंड कादंबरीचे चित्रपट-हक्क निर्माते सॉल झेन्ट्झ यांच्याकडे होते. वेशभूषेसह नटांना घेऊन आधी दृश्ये चित्रित करण्यात आली, त्यांपैकी युद्धाची दृश्ये स्पेनमध्ये, आणि मग त्यांवरून चित्रे काढण्यात आली. म्हणजे एकाच चित्रपटासाठी दोन चित्रपटांचे श्रम. तरीही कादंबरी एका चित्रपटात मावणारी नव्हती. बक्षींचा अर्धाच भाग झाला होता आणि शीर्षकात ‘भाग पहिला’ असे स्पष्ट लिहावे, असा त्यांचा आग्रह होता. अर्ध्या गोष्टीचे पूर्ण तिकीट कोण काढील, ह्या भीतीने वितरकाने ते शब्द वगळले. परिणामी प्रेक्षक पूर्ण कथेच्या अपेक्षेने आले आणि मध्येच उठून घरी जावे लागल्याच्या भावनेने परतले. उत्पन्न खर्चाच्या अनेक पट झाले, परंतु दुसरा भाग कधीच निघाला नाही. वेष्टनावर खरे न लिहिल्याची किंमत मालाच्या पुढील खेपेला मोजावी लागली.

न्यूझीलंडमधील एका तरुणाने मूळ कादंबरी वाचण्यापूर्वी हा चित्रपट पाहिला होता. त्याचे नाव पीटर जॅक्सन. २००१ ते २००३ ह्या काळात त्याने ह्याच कादंबरीवर तीन चित्रपट काढले आणि ते जगभर गाजले. हक्क झेन्ट्झ यांच्याकडेच राहिलेले असल्याने त्या यशात बक्षींचा वाटा नव्हता.

१९८१ मध्ये आलेल्या ‘अमेरिकन पॉप’ची कथा व्यापारी कुटुंबांना जवळची वाटेल. रशियातून आलेल्या एका ज्यू घराण्याच्या चार पिढ्या आणि त्यांच्या हाती पिढ्यानपिढ्या येणारे संगीत, हा त्याचा विषय. चित्रपटात त्या त्या काळातील लोकप्रिय गाणी वापरली होती. चित्रपटगृहात ती वाजविण्यास अडचण आली नाही, परंतु घरगुती व्हिडिओसाठी परवानग्या मिळविण्याचे काम इतके रखडले की १९९८ पर्यंत त्याची कॅसेट बाजारात येऊ शकली नाही. माल तयार, गिऱ्हाईक तयार, आणि सतरा वर्षे तो गोदामातच, असा हा प्रकार झाला.

ज्याचा माल त्यालाच विक्री

१९८३ नंतर बक्षी काही काळ चित्रपटांपासून दूर राहून चित्रकलेत रमले. १९८७ मध्ये ते पुन्हा आले, ते थेट शनिवार सकाळच्या मुलांच्या वेळेत. ह्या पुनरागमनाची हकीकत ते स्वतः नंतर मोठ्या मिस्कीलपणे सांगत. सीबीएसच्या अधिकारी बाईंनी त्यांचे सारे प्रस्ताव नाकारले आणि आणखी काही आहे का, असे विचारले. बक्षींनी ठोकून दिले, की आपल्याकडे ‘मायटी माऊस’चे हक्क आहेत. बाई खूश झाल्या आणि सौदा ठरला. हक्क अर्थातच त्यांच्याकडे नव्हते. ते कोणाकडे आहेत, ह्याचा शोध घेता आढळले, की १९५५ च्या त्या खरेदीमुळे ते सीबीएसच्याच मालकीचे होते आणि कंपनीला त्याचे विस्मरण झाले होते! बक्षींनी कंपनीला तिचाच माल विकला होता. खोटे बोलण्याचे समर्थन करता येत नाही, परंतु आपल्या मालमत्तेची नोंदवही वेळोवेळी न चाळणाऱ्या मोठ्या संस्थेबद्दलही ही हकीकत पुष्कळ काही सांगते.

‘मायटी माऊस : द न्यू ॲडव्हेंचर्स’ ही मालिका मुलांसाठी होती, तरी तिच्यातील विनोद तिरकस आणि धीट होता. बक्षींनी तरुण कलावंतांना मोकळीक दिली. त्यांच्यापैकी अँड्र्यू स्टँटन यांनी पुढे ‘फाइंडिंग नीमो’ दिग्दर्शित केला, रिच मूर ‘झूटोपिया’चे एक दिग्दर्शक झाले आणि ब्रूस टिम यांनी ‘बॅटमॅन’ची गाजलेली ॲनिमेशन मालिका घडविली. आज आपली नातवंडे जी चित्रे पाहतात, त्यांतील अनेकांची उमेदवारी अशी बक्षींच्या स्टुडिओत झालेली आहे.

साडेतीन सेकंद

ह्या मालिकेचा शेवट मात्र कटू झाला. एका भागात दुःखी मायटी माऊस चुरगळलेल्या फुलाची पूड हुंगतो, असे दृश्य होते. १९८८ मध्ये ‘अमेरिकन फॅमिली असोसिएशन’ ह्या संघटनेने हे अमली पदार्थाचे सेवन असल्याचा आरोप केला. बक्षींनी तो साफ नाकारला. उंदीर फुलाच्या आठवणीने व्याकूळ झाला आहे, एवढाच दृश्याचा अर्थ असल्याचे त्यांनी सांगितले. अखेर पुनःप्रक्षेपणापूर्वी सुमारे साडेतीन सेकंदांचा भाग कापण्यात आला. कापणे म्हणजे कबुली, असे आरोप करणाऱ्यांनी जाहीर केले. दुसऱ्या पर्वानंतर मालिका थांबली.

ह्या वादात एका बाजूला मुलांविषयी दक्ष असलेले पालक होते, आणि त्यांची काळजी खोटी म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूला एक कलावंत होता, ज्याच्या मागील चित्रपटांची सावली त्याच्या प्रत्येक रेषेवर पडत होती. ‘फ्रिट्झ’ काढणाऱ्या माणसाचा उंदीर फूल हुंगतो, ह्यावर कोणी सहजासहजी विश्वास ठेवीना. हेच दृश्य दुसऱ्या कोणाच्या नावावर असते, तर कदाचित कोणाच्या लक्षातही आले नसते. एका बाजारपेठेत मिळविलेली नाममुद्रा दुसऱ्या बाजारपेठेत माणसाच्या पाठोपाठ येते, आणि तेथे तिचे मोल वेगळे ठरते.

त्यानंतरच्याच वर्षी त्यांनी मुलांच्या लाडक्या डॉ. स्यूस यांच्या ‘द बटर बॅटल बुक’वर दूरचित्रवाणीसाठी चित्रपट केला. पावाला लोणी वरून लावावे की खालून, ह्यावरून दोन जमातींत शस्त्रस्पर्धा पेटते, असे हे रूपक आहे. बक्षींनी मूळ कृतीत कोणतीही ढवळाढवळ केली नाही. आपल्या पुस्तकांच्या रूपांतरांत हे सर्वांत प्रामाणिक आहे, असे मत स्वतः लेखकाने दिले. क्रम्ब यांच्या संतापानंतर सतरा वर्षांनी मिळालेली ही पावती होती.

दोन्ही डगरींवर पाय

१९९२ चा ‘कूल वर्ल्ड’ हा त्यांचा शेवटचा मोठा चित्रपट. बक्षींनी प्रौढांसाठी एक भयकथा लिहिली होती. निर्मात्यांना मात्र किशोरवयीन प्रेक्षक हवा होता. पटकथा पुन्हा लिहिली गेली, श्रेणी सौम्य झाली आणि किम बेसिंजर, ब्रॅड पिट यांच्यासारखे नट असूनही चित्रपट आपटला. खर्चही भरून निघाला नाही. ‘फ्रिट्झ’ केवळ मोठ्यांचा होता, ‘बटर बॅटल बुक’ मुलांचा होता, आणि दोन्ही आपापल्या जागी ठाम होते. ‘कूल वर्ल्ड’ दोघांसाठी करू गेले आणि तो कोणाचाच झाला नाही.

ह्या सुमारास ‘द सिम्पसन्स’ने मोठ्यांसाठीच्या ॲनिमेशनला दूरचित्रवाणीवर स्थान मिळवून दिले होते. १९९७ मध्ये बक्षींनी एचबीओसाठी ‘स्पायसी सिटी’ ही प्रौढांची मालिका केली. ती सहा भागांतच थांबली. वाट त्यांनी पाडली, वाहतूक इतरांची झाली. त्यानंतर ते न्यू मेक्सिकोत चित्रे रंगवू लागले. २०१३ मध्ये त्यांनी कोणत्याही कंपनीकडे न जाता आपल्या चाहत्यांनाच हाक दिली. इंटरनेटवरील वर्गणीतून सुमारे पावणेदोन लाख डॉलर जमले आणि ‘लास्ट डेज ऑफ कोनी आयलंड’ हा लघुपट तयार झाला. २०१५ मध्ये, त्यांच्या ७७ व्या वाढदिवशी, तो प्रदर्शित झाला. ह्या वेळी शीर्षक, लांबी आणि शेवट बदलण्यास सांगणारे कोणी नव्हते.

कुटुंबासाठी

बक्षींच्या कारकिर्दीचा ताळेबंद मांडला, तर नफ्याच्या बाजूस मोठे आकडे दिसतात, पण ते बहुतांशी इतरांच्या खात्यावर. मांजर क्रम्ब यांचे, अंगठीची कथा झेन्ट्झ यांच्या ताब्यात, उंदीर सीबीएसचा. त्यांच्या स्वतःच्या खात्यावर राहिले ते कौशल्य, शिष्यांची एक पिढी आणि ॲनिमेशन केवळ मुलांचे नाही, हे निर्विवादपणे सिद्ध केल्याचे श्रेय. घरातील मुलगा किंवा मुलगी आज ॲनिमेशनचे शिक्षण घेऊ पाहत असेल, तर रेषेबरोबरच करारनामा वाचण्याचे शिक्षणही तिला द्यावे, हा ह्या ताळेबंदाचा व्यावहारिक अर्थ आहे.

दुसरी गोष्ट प्रत्येक घराच्या उपयोगाची आहे. रेखाटलेले पात्र दिसले म्हणजे कार्यक्रम मुलांचा, ही खूण आता विश्वासार्ह राहिलेली नाही. आपल्याकडे २०२३ च्या चलचित्र दुरुस्ती कायद्याने ‘यूए’ प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे केले आहेत. इंटरनेटवरील चित्रपट-मालिकांनाही २०२१ च्या नियमांनुसार वयोगट दर्शवावा लागतो, आणि १३ वर्षे व त्यावरील श्रेणींसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय उपलब्ध करून द्यावी लागते. दुकानात आलेल्या मालाची आपण केवळ वेष्टनाचे चित्र पाहून नोंद करीत नाही. त्यावरील मजकूर वाचतो. दूरचित्रवाणी मुलांच्या हाती देण्यापूर्वी कोपऱ्यातील तो लहानसा आकडा वाचण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.